पार्बताची झडती

माही जाऊ पार्बता पोळ्यात बैल घेऊन गेली, हे तुमी कुठंतरी आयकलंच असंन. मोझरीपासून बडनेऱ्यापर्यंत जो तो हेच सांगत फिरते. कोनी म्हणते तिनं भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, हातातून कासरा हिसकला. कोनी म्हणते गावानं तिले हार घातला. बाप्पा! कासरा कोनी हिसकला नाई अन् हारही कोनी घातला नाई. मी तिथं होती ना उभी. अन् ज्या भासऱ्याचं नाव लोक चवीनं घेऊन राहिले, तो भासरा म्हणजे माहा नवरा. म्हणून म्हणते, आयकाचंच असंन तर माह्या तोंडून आयका.

मी जमुना, किसनराव पाटलाची बायको, घरातली मोठी सून. पार्बता धाकटी. तिचा नवरा शेषराव म्हणजे माहा दीर, ह्यायचा लहान भाऊ. मानूस गरीब गाईवानी आहे, पण कोनी कानात काई सांगतलं का ते तिथंच घर करते. त्याचा तेवढा एकच गुण वाईट.

पार्बता शेंदूरजनाघाटची. माहेरी संत्र्याचा बगीचा. लग्न होऊन आली तवा तिले कपाशी अन् अंबाडी यातला फरक समजत नव्हता. पयल्याच निंदणीत तिनं कपाशी उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवली अन् अंबाडी जपली. सासूबाई अशा ओरडल्या का शेजारच्या वावरातले बैल उभे राह्यले. दुसरी असती तर रडत घरी गेली असती. पार्बता म्हणते, "मामी, संत्र्याले असे पानं नसतात ना, म्हणून झालं." अन् हसली. सासूबाईलेही मंग हसू आवरलं नाई.

पुढं वावराच्या वाटण्या झाल्या. शेषराव रेल्वेत लागला, बडनेऱ्याले क्वार्टर मिळालं, सुटी असली का गावात येऊन जाए. वावर पाह्याले सालदार ठेवला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. तर एका साली हा गडी ऐन आषाढात पळाला. आषाढ म्हणजे गवत मानसापेक्षा लवकर वाढते. कपाशी दिसेनाशी झाली. पार्बतानं आमच्या ह्यायच्याकडं गडी मांगतला. हे म्हणाले, दोन दिवसानं पाहू. त्याच्यानंतर पुन्हा मांगतला. पुन्हा दोन दिवस. ह्यायचे दोन दिवस मले माहीत आहेत. माह्या सांडशीचा दांडा अजून त्या दोन दिवसातच अटकला आहे.

आता आमच्याकडं कामाची वाटणी ठरलेली. बाईनं निंदाचं, वेचाचं, तिफण चालली का मांगून सरत्याच्या नळीतून बी सोडाचं. अन् वखर, डवरा, तिफण, जे जे बैलाच्या मांगं चालते ते मानसाचं. काऊन, असं इचारलं तर कोनाले सांगता येत नाई. तशी रीत आहे म्हणतात अन् तंबाखू मळतात.

पार्बतानं एका सकाळी बैल सोडले, लुगड्याचा काष्टा घातला अन् डवरा जुंपला. डवरा दोन ओळींच्या मधून चालते, गवत कापते. बैल जरासा हलला का गवताच्या संगं पीकही कापते. पयल्या दिवशी तिनं अर्धी ओळ कपाशीचीच कापली. धुऱ्यावर लोक जमले. एक जन म्हणते, "पार्बताबाई, डवरून राहिल्या का रांगोळी काढून राहिल्या?"

"रांगोळीच आहे," पार्बता म्हणाली. "पाह्याले आले ना? मंग बसा खाली, पुरी होऊ द्या."

तो मानूस बसला नाई. दुसऱ्या दिवशी आलाही नाई. पार्बता मात्र रोज गेली. हाताले फोड आले, फुटले, पुन्हा आले. पोळ्यापर्यंत तिच्या डवऱ्याचे तास असे सरळ पडाले लागले का मले पाहून बरं वाटे. पुढच्या साली वखर. त्याच्या पुढच्या साली तिफण. तिफणीले तिनं हात लावला तवा सुंदराबाई गावभर सांगत फिरली, "बाईनं तिफण शिवली, आता त्या वावरात कुसळही उगवणार नाई." वावर भरून पिकलं. सुंदराबाईनं तोंड लपवलं म्हणता का? अजिबात नाई. तिचा नवरा सुरतेले कामाले गेलता. ते पुढच्या मिरगाले पार्बताच्या दारात येऊन म्हणते, "मले शिकवतं का वं?" पार्बतानं शिकवलं. मंग आशाबाई आली. असं करता करता आमच्या शिवारात कोनी बाई औत हाकताना दिसली तर लोक थांबून पाह्याचे बंद झाले.

बैल पार्बताचे दोन. एक मंगळवारच्या बाजारातून आणलेला म्हणून मंगळ्या, एक शुक्रवारच्या म्हणून शुक्र्या. नावं ठेवाले ते कायले डोकं खाजवत बसते! पण ते दोघं तिच्या खोकलण्यावरून तिले वळखत. दुसऱ्या कोनी जुवाले हात लावला तर मंगळ्या खाली बसून जाए. मंग उठवाले पार्बताच लागे.

आता ह्यायची गोष्ट. ह्यायनं आपली जोडी इकली अन् अकोल्याहून टॅक्टर आणला. माहा पोरगा मनोज तो चालवते. गावात पेढे वाटले, टॅक्टरले हार घातला, समदं झालं. अन् मंग पोळा आला.

आमच्या गावात पोळ्याच्या दिवशी आखरात, म्हणजे गावाबाहीरच्या ढोरायच्या मैदानात, आंब्याच्या पानाचं तोरण बांधतात. त्याची दोरी गावचा श्यामबुवा सांभाळते; त्यानं ओढली का तोरण वर जाते अन् जोड्या सुटतात. जोड्या सजून येतात. तोरणाखालून पयली जोडी जाते ते आमच्या घरची, मानाची. तिच्याशिवाय पोळा फुटत नाई. तर मान होता, पण जोडी कुठं होती? टॅक्टरले झूल घालून नेता का? ह्यायनं मंग शेषरावाले म्हणलं, तुही जोडी पोळ्यापुरती दे. अन् तेव्हापासून दरसाल तेच. बैल पार्बतानं नदीवर धुवाचे, शिंगं तिनं रंगवाची, गोंडे तिनं बांधाचे, अन् फेटा ह्यायनं बांधून मिशीले पीळ द्याचा. वर्षभर ज्या बैलाले हे वळखत नव्हते त्याच्या पाठीवर त्या दिवशी हात काय फिरवाचे! मले तर पाह्याचीच लाज वाटे.

पार्बता म्हणे, "एका दिवसाचं आहे बाई. मिरवू द्या त्यायले."

तिनं कधी वाद केला नसता. पण यंदा शेषराव पोळ्याच्या सुटीत घरी आला अन् जेवता जेवता म्हणाला, "पोळा झाला का जोडी इकू. व्यापाऱ्याशी बोलणं झालं, सणाच्या दुसऱ्या दिवशी येते म्हणे. वावर दादाले ठेक्यानं देऊ. त्याचा टॅक्टर आहेच."

"कोनाले इचारून?" पार्बता म्हणाली.

"त्यात इचाराचं काय? लोक हसतात. माहे सोबतचे म्हणतात, शेषराव, तुह्या घरी काय कमी आहे का बायको वखर हाकते? मले मान खाली घालावी लागते."

"मी बारा महिने मान खाली घालूनच वखर हाकते. तुमची मान कायले दुखून राहिली?"

शेषराव ताटावरून उठला. त्याच्या कानात कोनी काय सांगतलं हे पार्बतालेही माहीत होतं अन् मलेही. वावर ठेक्यानं कोनाले पाहिजे होतं?

पार्बता माह्याकडं आली. रडली नाई. उभ्या उभ्याच म्हणाली, "बाई, बैल गेले तर मी काय करू सांगा. भाजी-भाकरीले मी नाई म्हणत नाई, पण वावरात कासरा हातात घेतला का मले वाटते का मी कोनीतरी आहे. माह्या जिवाचं तेवढंच एक आहे हो. तेही नेतात." रात्री ह्यायले पान वाढताना मी म्हणलं, तिचे बैल इकू नका, पाप लागंन. हे म्हणाले, "तू भाजीत मीठ पाय." मीठ बरोबर होतं. मी मूठभर अजून टाकलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाह्यलेले बैलाचे खांदे हळद-तूप लावून शेकतात अन् उद्याचं जेवणाचं आवतन देतात. पार्बता अंगणात शेकून राहिली होती. मी परातीत हळद घेऊन उभी. शेषराव ओट्यावर. तेवढ्यात हे आले.

आता एक गोष्ट समजून घ्या. आमच्याकडं धाकटी सून भासऱ्याशी बोलत नाई. डोक्यावर पदर, नजर खाली, अन् बोलाचं असंन तर मधात तिसरं मानूस लागते. इतके वर्ष ते तिसरं मानूस मी. चार हातावर दोघं उभे असतात अन् मी डाकवाल्यावानी निरोप पोचवते.

हे म्हणाले, "जमुना, तिले सांग, उद्या दुपारी बैल तयार ठेव. मनोज न्याले येईन."

पार्बता हळद लावता लावता म्हणाली, "बाई, भाऊजीले सांगा, बैल तयार राहतील. पण उद्या कासरा माह्या हातात राहीन."

"काय म्हणते ते?"

"आयकू नाई आलं का?" मी म्हणलं. "समोर तर उभी आहे."

"तू सांग!"

सांगतलं. ह्यायचं तोंड पाह्यासारखं झालं. "तिले सांग, बाईमानूस पोळ्यात जात नाई."

"भाऊजीले सांगा, बाईमानूस वखरही हाकत नव्हतं."

"तिले सांग, तोरणाखालून बाई गेली का गावातल्या ढोराले रोग येते."

"भाऊजीले इचारा, मागं लम्पी आला तवा तोरणाखालून कोन गेलतं?"

आता हे मी कशी इचारू! गेले हेच होते. मी पदर तोंडाले लावला. हे तापले अन् म्हणाले, "तिले सांग, तोरणाची दोरी श्यामबुवाच्या हातात आहे. तो ओढणार नाई. अख्ख्या गावासमोर परत यावं लागंन."

"भाऊजीले सांगा, पाहू."

भांडण त्या दोघायचं अन् घसा माहा सुकला. तवा ओट्यावरून शेषराव बोलला. "पार्बता, उद्या गावानं परत पाठवलं तर? मंग तरी बैल इकू देशीन का?"

पार्बतानं हळदीचे हात थांबवले. "हाव. गावानं परत पाठवलं तर इका. मी तोंडातून शब्द काढणार नाई. पण नाई पाठवलं तर?"

शेषराव उठून पानी प्यायले गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोडी अशी सजली का काय सांगू. शिंगाले रंग, कपाळाले बाशिंग, पाठीवर झूल. पार्बतानं स्वतःही नवं लुगडं नेसलं, काष्ट्याचं, वावरात जाते तसंच. कासरा हातात घेतला अन् निघाली. मी कायले निघाली ते मलेच माहीत नाई. पायात चप्पल घातली अन् तिच्या बाजूले चालाले लागली. बाया दारादारात उभ्या. एरवी आमी बाया घरीच राहतो, जोडी दारात आली का पूजा करतो, आखर कोनी पाह्यला? एक म्हातारी म्हणते, "जमुना, तुमी दोघी कुठं निघाल्या वं?" मी म्हणलं, "पोळ्याले." असं सांगतलं जसं मी रोजच जाते.

आखरात जोड्या पूर्वी मावत नव्हत्या. आता टॅक्टर झाले, जोड्या मोजक्या, पण बघे तेवढेच. मधात तोरण. तोरणाच्या दोरीजवळ श्यामबुवा. अन् बाजूले आमचे हे, डोक्याले केशरी फेटा, हात रिकामे. फेटा बांधलेला बिनाबैलाचा मानूस कसा दिसते? वरातीतून चुकलेल्या नवरदेवावानी. मले पाह्यलं अन् डोळे मोठे केले. मी दुसरीकडं पाह्यलं.

वाजंत्री थांबली. समदे मानसं आमच्याकडं पाहून राहिले. मंगळ्यानं घुंगरं वाजवली तेवढाच आवाज. शेषराव कडुनिंबाखाली उभा होता, रेल्वेतल्या एकदोन सोबत्यायच्या संगं. तेही सण पाह्याले आलते. खरं सांगते, मी मंगळ्याच्या आड सरकली. पार्बताचा हात मात्र कासऱ्यावर होता तसाच होता.

श्यामबुवा मानूस भला. सावकाश म्हणाला, "पार्बताबाई, बैल किसनरावाच्या हातात द्या अन् घरी जा. दिवस सणाचा आहे, तमाशा नको."

"तमाशा नाई करत बुवा. मले एक सांगा. मानाची जोडी ज्याच्या हातात, त्यानं झडती म्हणाची असते का नाई?"

"असते."

"मंग मले म्हणू द्या."

झडती म्हणजे आमच्याकडची पोळ्याची रीत. जोडी घेऊन उभा असलेला मानूस जुळवलेल्या चार ओळी मोठ्यानं म्हणते. त्यात कोनाची टिंगल, कोनाची उणीदुणी, गावाचा समाचार, सगळं चालते अन् त्या दिवशी कोनी राग धराचा नसते. शेवटी म्हणाचं, 'एक नमन गौरा पारबती!' अन् अख्ख्या आखरानं गर्जना कराची, 'हर बोला हर हर महादेव!' आखर गरजला म्हणजे झडती मंजूर. कोनी बोललंच नाई तर झडती पडली, म्हणणाऱ्यानं जोडी मांगं न्याची. आमच्या गावात तरी असंच चालत आलं.

"बाईनं झडती म्हणाची?" श्यामबुवा चाट पडला.

"आखर गरजला नाई तर मी जोडी फिरवते अन् कासरा भाऊजीच्या हातात देते. मंग तर झालं?"

मांगून पोट्टे ओरडले, "म्हणू द्या ना गा बुवा! काय म्हणते पाहू तरी!" मानसायले गंमत पाह्याची होती. हे हसले. आपल्यासमोर गाव कायले बाईले जबाब देते, ह्या भरोशावर हसले. हात हलवून म्हणाले, "म्हणू द्या."

पार्बतानं डोक्यावरचा पदर काढला अन् कमरेले खोचला. ह्यायच्या समोर मी तिचं उघडं डोकं पयल्यांदा पाह्यलं, अन् ह्यायनंही. केस पांढरे झाले होते की तिचे! तिनं ह्यायच्या डोळ्यात डोळे घातले. मंग आवाज काढला. वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या बैलाले हाक मारते ना, तो आवाज.

"वखर माहा, डवरा माहा, माह्याच हाती कासरा!
वावरात कोनी नाई, पोळ्यात मात्र भासरा!
टॅक्टरले शिंगं नाई, सजवता काय चाकाले?
बैल मांगून आणता, अन् वर करता नाकाले!"

आखरात पयले चिडीचूप. मंग मांगं एक जन फिस्सकन हसला. मंग दोघं. श्यामबुवानं तोंड फिरवलं, पण खांदे हलून राहिले होते. ह्यायच्या मिशीचा पीळ गेला. मी पदराआड हसली का नाई हे मले इचारू नका.

अन् हसू अजून खाली बसलं नव्हतं, तेवढ्यात पार्बतानं दोन्ही हात वर केले अन् छाती फोडून म्हणाली, "एक नमन गौरा पारबती...!"

"हर बोला हर हर महादेव!"

अख्खा आखर गरजला! कडुनिंबावरचे पाखरं उडाले. अव, गरजणार नाई तर काय? आमच्या गावातला पोट्टा 'आई' म्हणाच्या आधी हे शिकते. पयली ओळ आली का दुसरी ओळ तोंडातून आपोआप निघते, ते थांबवणारा मानूस आमच्या गावात जन्मलाच नाई. अन् समद्यात मोठा आवाज कोनाचा? आमच्या ह्यायचा! हात फेट्याले लागलेला, मान वर, 'महादेव' पुरा होऊन गेला तवा ह्यायले समजलं का आपण काय म्हणून बसलो. तोंड उघडं ते उघडंच.

पार्बतानं हात खाली केले. "बुवा, आखर गरजला का नाई?"

"गरजला," श्यामबुवा म्हणाला.

"चुकून गरजला!" हे ओरडले. "सवयीनं निघालं तोंडातून. हे धराचं नाई!"

श्यामबुवानं ह्यायच्याकडं पाह्यलं. "महादेवाचं नाव चुकून घेतलं म्हणता का किसनराव? पोळ्याच्या दिवशी?"

आता सांगा, याच्यावर कोन काय बोलंन? अन् पार्बता हसत म्हणते, पयल्यांदा सरळ ह्यायलेच म्हणते, मधात मी नाई, "भाऊजी, दरसाल पयलं नमन पारबतीले करता. यंदा पारबती आली तर तिले दारातच उभी ठेवता काय?"

मंग मात्र आखरात असा हशा झाला का वाजंत्रीवाल्यायनं त्यातच ढोल सुरू केला. श्यामबुवानं दोरी ओढली. महादेवाचा गजर झाला का पुढं चालाचं, हे मंगळ्या-शुक्र्याले दरसालचं ठाऊक. ते कोनाच्या परवानगीची वाट पाहत उभे राह्यलेच नव्हते. तोरण वर गेलं अन् माही जाऊ जोडी घेऊन त्याच्याखालून निघाली. पोळा फुटला. मी रडली. कायले लपवू? पदर ओला झाला माहा. मांगं वळून पाहते तर सुंदराबाई गर्दीतून घुसली अन् सणाले आलेल्या नवऱ्याच्या हातातून आपल्या जोडीचा कासरा घेऊन तोरणाकडं निघाली. तो मांगून म्हणून राहिला, "अव, झूल तर सरळ करू दे!"

पण सगळ्यायच्या नजरा कडुनिंबाकडं गेल्या होत्या. रेल्वेतले सोबती शेषरावाच्या पाठीवर हात ठेवून काईतरी बोलत होते, हसत होते. चांगलं बोलत होते का वाईट, इतक्या दुरून कोनाले समजते? शेषरावानं मान खाली घातली अन् घराच्या रस्त्यानं निघून गेला.

पार्बतानंही पाह्यलं. तोरणाखाली फुललेलं तिचं तोंड तिथंच उतरलं.

"बाई, गेले ते," म्हणाली.

"जाऊ दे त्याले," मी म्हणलं.

"जाऊ दे कसं? गावानं परत पाठवलं तर इका, असं मी म्हणलं होतं. नाई पाठवलं तर काय, हे त्यायनं कुठं सांगतलं?"

मले त्या मानसाचा असा राग आला, का समोर असता तर कासऱ्यानं बांधून आणला असता. जोडी घरोघरी फिरली. बाया बैलाले कुंकू लावत, अन् बैलाले लावून झालं का पार्बताच्या कपाळाले लावत. ते हसे, पण मन तिचं तिथं नव्हतं. आमचे हे मांगून चालले होते, कारण मानाची जोडी सोडून पाटलाले घरी जाता येत नाई. मी हळूच म्हणलं, "फेटा सरळ करा, कलला." ह्यायनं निमूट सरळ केला.

घर जवळ आलं तसं पार्बताचे पाय जड झाले. रीत अशी का जोडी पोळ्यातून आली का घरची बाई दारात उभी राहते. बैलाच्या पायावर पानी टाकते, जोडी आणणाऱ्याचे पाय धुते, ओवाळते, मंग बैलाले पुरणपोळी देते. दरसाल हे काम पार्बताचं. वळणावर ते थांबली. "बाई, मी तर इकडून आली. दारात कोन आहे? तुमी पुढं व्हा अन् पानी टाका."

मी पुढं झाली अन् जागीच उभी राह्यली.

दारात शेषराव होता. डोक्यावर दुपट्टा, एका हातात तांब्या, एका हातात आरतीचं ताट. ताटात निरांजन तेलानं भरून वाहून राहिलं होतं, वात बुडाली होती, अन् कुंकू अर्धं त्याच्या शर्टावर. बायाबापड्या, पोट्टे, ह्यायच्यासकट समदे मांगं उभे.

"वैनी, सरका," तो मले म्हणाला. "घरचं मानूस मी आहे."

त्यानं मंगळ्याच्या पायावर पानी टाकलं. शुक्र्याच्या पायावर टाकलं. मंग खाली बसला अन् पार्बताच्या मातीनं भरलेल्या पायावर तांब्या कलता केला. ते एकदम मांगं सरकली.

"अव, सोडा! काय करून राहिले? लोक पाहतात!"

"पाहू दे," शेषराव म्हणाला अन् तिचा पाय हातानं धरून धुतला. पार्बतानं डोळे मिटून घेतले अन् तिचं समदं अंग हलाले लागलं. एवढ्या वर्षात मी तिले रडताना तवाच पाह्यलं.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. हात ओले, ताट बाजूले. त्यानं दुपट्ट्याले हात पुसला अन् फोन कानाले लावला. व्यापारी होता. सकाळी गाडी घेऊन येतो म्हणत असंन.

"नाई भाऊ, येऊ नका," शेषराव म्हणाला. "जोडी इकाची नाई... पैशाचं काई नाई हो... तिनं कधी इकते म्हणलं तर तिलेच इचारा... मी? नाई, मी मालक नाई. मी बैलवालीचा नवरा बोलून राहिलो."